थप्पीवरचा अठ्ठावीस

कारखान्याच्या फाटकातून आत शिरलं की डाव्या हाताला एक उघडं अंगण लागायचं. बिघडलेल्या फरश्या तिथे थप्प्या लावून ठेवत आणि प्रत्येक थप्पीवर खडूने एक शब्द लिहीत. बिघाड कुठे झाला, तो शब्द. शब्द तीनच होते: माती, भट्टी, वजन. फरशी वाकली किंवा तडकली तर माती. करपली, फोड आले तर भट्टी. रंग हुकला तर वजन. थप्पी फोडून तिचा चुरा होईपर्यंत तो शब्द उन्हात उभा राही आणि पाळी बदलताना जाणारा-येणारा प्रत्येक जण तो वाची. शिक्षा म्हणून कुणी वेगळं काही बोलत नसे. बोलायची गरजच नसे.

गुंजकाका वजनाच्या काट्यावर बसायला लागल्यापासून त्या अंगणात 'वजन' हा शब्द लिहिला गेला नव्हता.

गुंजकाका हे नाव त्यांना भट्टीवाल्याने दिलं. दोघं एकाच सुमाराला कामाला लागलेले, एकमेकांना अरे-तुरे करणारे. फरशीवर चढवायच्या झिलईत रंगाची पूड पडायची ती अगदी थोडी, आणि ती मोजताना हा माणूस गुंजभर फरकासाठी श्वास धरून बसायचा. "अरे गुंज्या, शिंकू नकोस, फरशी लाल होईल!" असं भट्टीवाला दारातून ओरडायचा. पुढच्या लोकांनी गुंज्याचा गुंजकाका केला.

वजनाची खोली लहान होती. एकच खिडकी, तीही कायम बंद, कारण वाऱ्याने पूड उडते. भिंतीला फळ्या, फळ्यांवर डबे, मध्ये दगडी कट्टा आणि कट्ट्यावर पितळी तराजू. नवा इलेक्ट्रॉनिक काटाही दिला होता. गुंजकाका आधी त्याच्यावर मोजत आणि मग तराजूला विचारून घेत. "तो आकडा दाखवतो," असं ते नव्या काट्याकडे हनुवटी उडवून म्हणत, "आणि हा खरं बोलतो." एखाद्या रंगाचा डबा संपला की तो उलटा करून ब्रशने झाडायचा, निघालेली पूड त्या रंगाच्या बरणीत घालून झाकण लावायचं, ही त्यांची शिस्त होती. लोक हसत. काका कचरासुद्धा जपून ठेवतात म्हणत. गुंजकाका म्हणत, कचरा तुमच्या खोलीत. माझ्या खोलीत फक्त माल.

घरीही तेच. हातात आलेल्या वस्तूचं वजन तोंडातून निघाल्याशिवाय राहायचं नाही. मुलाने लग्न ठरवलेली मुलगी पहिल्यांदा घरी येऊन गेली, तेव्हा दार लागताच बायको म्हणाली, "कशी वाटली?" गुंजकाका म्हणाले, "बावन्न. पर्ससकट चोपन्न." बायकोने पदराआड हसू दाबलं आणि योग्य वेळी ते सुनेला सांगून टाकलं. तेव्हापासून सून ताटावरून उठताना विचारायची, "बाबा, आता किती?" आणि गुंजकाका ओशाळून म्हणायचे, "मी बघितलं नाही हं." सून शाळेत विज्ञान शिकवायची. मुलगा कामासाठी बाहेरगावी असायचा, त्यामुळे घरात बहुतेक वेळ तिघंच.

तर असा हा माणूस. त्याच्याजवळ दुसरं काही मोठं नव्हतं. वक्तृत्व नव्हतं, ओळखीपाळखी नव्हत्या. अंगणात तो शब्द नव्हता, एवढंच होतं. आणि तेवढं पुरत होतं.

मग जावईबापू आले.

ते मालकांचे जावई, पण सगळा कारखाना त्यांना जावईबापूच म्हणे. शिकलेले, चटपटीत, बोलायला गोड. बाही दुमडून भट्टीपर्यंत जायचे, घामाने भिजलेल्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवायचे. त्यांना प्रत्येक गोष्टीचं कारण ठाऊक असे, आणि ठाऊक नसेल तर तिथल्या तिथे तयार होत असे.

पोहण्याच्या एका मोठ्या तलावासाठी निळ्या फरश्यांची मागणी आली होती. निळ्याला कोबाल्ट लागतं. दिसायला काळी पूड, पण झिलईत मिसळून भट्टीत गेली की निळी होते. कोबाल्टचा डबा तळाला गेला होता आणि नवा माल यायला वेळ लागणार होता. जावईबापूंनी दुसराच डबा आणवला. त्यावरचं नाव गुंजकाकांनी वाचलं. निकेल.

"हे दुसरं दिसतंय," ते म्हणाले.

"नाव दुसरं आहे, काका." जावईबापूंनी खिशातून पेन काढलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर लिहायला सुरुवात केली. "तुम्ही वजनातली माणसं, तुम्हाला पटकन कळेल. प्रत्येक धातूच्या अणूला वजन असतं. लोखंडाचं जवळजवळ छप्पन. लोखंड घातलं तर फरशी कशी येते?"

"तपकिरी."

"तांब्याचं साडेत्रेसष्ट. तांबं घातलं तर?"

"हिरवी."

"वजन बदललं, रंग बदलला. बरोबर? आता कोबाल्ट. अठ्ठावन्न पूर्णांक नऊ. आणि निकेल बघा, अठ्ठावन्न पूर्णांक सात. फरक किती?"

गुंजकाका हसले. "केसाएवढा."

"मग रंगात किती येईल?"

भट्टीवाला दारात उभा होता. "एखादी फरशी भाजून बघू या का आधी?" तो म्हणाला. दर नव्या मालाची आधी एक फरशी भाजायची, ही त्या कारखान्याची जुनी रीत.

"वेळ कुठे आहे?" जावईबापू म्हणाले. "आणि गणित पक्कं असताना चाखून कशाला बघायचं? कोबाल्ट जेवढं घालता तेवढंच निकेल घाला, काका. गुंजभरही बदलायचं नाही."

गुंजकाकांना ते पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा आवडलं. आयुष्यभर आपण ज्या गोष्टीपुढे श्वास धरून बसलो तीच सगळ्या जगाच्या मुळाशी आहे, असं एका शिकलेल्या माणसाने पहिल्यांदाच सांगितलं होतं. लोखंड तपकिरी का, तांबं हिरवं का, हे त्यांनी कधी कुणाला विचारलं नव्हतं. उत्तर इतकं जवळ असेल, आपल्याच पारड्यात असेल, असं वाटलं नव्हतं. त्या दिवशी घरी जाताना ते जरा ताठ चालले.

फरश्या निघाल्या त्या मळकट. ना निळ्या, ना करड्या. ओल्या गोणपाटासारखा रंग आणि कडेला हिरवट झाक. भट्टीवाल्याने एक फरशी उजेडात धरली. "घ्या," तो म्हणाला, "तलाव बांधायच्या आधीच शेवाळ धरलं." कुणी हसलं नाही. भट्टीतून गाड्यामागून गाडा बाहेर येत होता आणि प्रत्येकावर तोच चिखल.

मालक आले. त्यांनी फरशी पाहिली, जावयाकडे पाहिलं. जावईबापू शांतपणे म्हणाले, "गणितात चूक नाही. दोन्ही अणू एका वजनाचे, म्हणजे पुडीचं वजन तेच ठेवलं तर रंग तोच यायला हवा. आला नाही. याचा अर्थ पूड बरोबर वजनाची पडली नाही." आणि गुंजकाकांच्या खांद्यावर हात ठेवून अगदी मायेने म्हणाले, "होतं काका. वय झालं की नजर थोडी इकडेतिकडे होते. त्यात मनाला लावून घेण्यासारखं काही नाही."

तो हात झटकून टाकावा असं गुंजकाकांच्या मनात आलं. पण त्यांनी झटकला नाही, कारण त्याच क्षणी त्यांच्या मनात दुसरं काहीतरी आलं होतं, आणि ते त्या हातापेक्षा जड होतं. चुकलं असेल का?

संध्याकाळच्या आत थप्प्या अंगणात लागल्या. फाटकापासून भिंतीपर्यंत रांग. आणि प्रत्येक थप्पीवर, मोठ्या अक्षरात, वजन. वजन. वजन. पाळी सुटली तेव्हा लोक त्या रांगेपुढून गेले. काहींनी मान खाली घातली. ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी गुंजकाका कामावर गेले नाहीत. जेवणाच्या वेळी ताटावर बसले आणि मीठ तळहातावर घेऊन बघत राहिले.

"अहो, जेवताय की मीठ मोजताय?" बायको म्हणाली.

"हाताला कळत नाही आता."

"काही तरीच काय बोलता! मला भाजीत मीठ मोजून घालायला लावलंत जन्मभर, आणि आता म्हणे हाताला कळत नाही. त्या जावयाच्या हाताला कळतं का?"

"त्याचं गणित बरोबर आहे गं."

"गणिताला काय, स्वतःचं तोंड नसतं. कुणाच्याही बाजूने बोलतं."

सून शाळेतून आली तेव्हा ताट तसंच होतं. तिने सासूकडे पाहिलं, सासूने डोळ्यांनी सासऱ्यांकडे. मग सगळं बाहेर आलं. लोखंड, तांबं, छप्पन, साडेत्रेसष्ट, केसाएवढा फरक. गुंजकाका सांगत होते ते स्वतःवरचा आरोप वाचून दाखवल्यासारखं. अर्ध्यावरच सुनेचा चेहरा बदलला.

"थांबा. रंग वजनामुळे बदलतो, असं कोण म्हणालं?"

"जावईबापू."

"आणि तुम्ही ऐकून घेतलंत?"

"पटण्यासारखं होतं."

"पटण्यासारखं होतं म्हणूनच तर राग येतो!" तिने पिशवी खुर्चीवर आपटली. "बाबा, लोखंड सव्वीस. कोबाल्ट सत्तावीस. निकेल अठ्ठावीस. तांबं एकोणतीस. हे खरे आकडे. ते छप्पन आणि साडेत्रेसष्ट नव्हेत."

"हे कसले आकडे? रांगेतले?"

"नुसते रांगेतले नाहीत. अणूच्या पोटात एक गोळा असतो. त्यात दोन जातींचे कण, प्रोटॉन आणि न्यूट्रॉन. वजनाला दोघं जवळजवळ सारखेच. पण प्रोटॉनवर विद्युतभार असतो, न्यूट्रॉन कोरा. पोटात जितके प्रोटॉन, तितके इलेक्ट्रॉन बाहेर फिरतात. आणि जगाशी जो काही व्यवहार करायचा तो हे बाहेरचे करतात. कुणाला चिकटायचं, उजेडातला कुठला भाग गिळायचा, कुठला परत पाठवायचा, सगळं. रंग म्हणजे तरी काय, परत पाठवलेला उजेड. पोटात सत्तावीस प्रोटॉन असतील तर तो कोबाल्ट. एक वाढला की तो कोबाल्ट राहत नाही. निकेल होतो. बाहेरचा सगळा संसार बदलतो."

"आणि ते दुसरे? न्यूट्रॉन?"

"ते वजन वाढवतात."

"बस?"

"गोळा एकत्र धरून ठेवायला लागतात. पण रंग ठरवताना त्यांना कुणी विचारत नाही."

गुंजकाकांना हे लागलं. सकाळपासून खाली गेलेली मान पहिल्यांदा वर आली. "म्हणजे निम्म्याहून जास्त वजन त्या बिचाऱ्यांनी वाहायचं, सगळा गोळा धरून ठेवायचा, आणि विचारायचं मात्र कुणी नाही?"

"बाबा, तुम्ही न्यूट्रॉनची बाजू घेऊ नका हो."

"मग कुणाची घेऊ? जावयाची?"

सासू स्वयंपाकघराच्या दारात पदराने तोंड झाकून उभी होती. सुनेलाही हसू आलं, पण ते तिने गिळलं. म्हाताऱ्याचा आवाज परत आला होता, तो घालवायचा नव्हता.

"ऐका. निकेलचे सगळे अणू एका वजनाचे नसतात. अठ्ठावन्नचे असतात, साठचे असतात, थोडे चौसष्टचेही. प्रोटॉन सगळ्यांत अठ्ठावीसच, न्यूट्रॉन कमीजास्त. तुमच्या जावईबापूंचा आकडा ही त्या सगळ्यांची सरासरी."

"पोत्यांची काढतात तशी."

"तशीच. आणि कोबाल्ट सगळाच्या सगळा एकोणसाठचा."

गुंजकाका थांबले. त्यांच्या डोळ्यांपुढे पारडं आलं असावं. बोटाने ताटाच्या कडेवर त्यांनी तीन मिठाचे खडे ओळीने ठेवले. "इकडे अठ्ठावन्नचं निकेल. तिकडे साठचं निकेल. आणि मधे कोबाल्ट."

"आणि तरी दोन्हीकडची निकेलं एकमेकांसारखी. दोघं मिळून तोच चिखल करणार. मधला एकटा निळा."

त्यांनी मधला खडा बोटाने जरा अलीकडे ओढला. मग म्हणाले, "पण आकडा वाढला की वजन वाढतंच ना?"

"बहुतेक वेळा. म्हणून तर फसायला होतं. पूर्वी मोठमोठ्या माणसांनीसुद्धा वजनानेच रांग लावली होती, आणि कुठे कुठे ती जुळत नव्हती. हेच बघा ना, कोबाल्ट सरासरीला जड आणि तरी रांगेत आधी. वजनाने लावलं तर निकेल पुढे घुसेल आणि दोघांचेही सारख्या गुणांचे नातेवाईक चुकतील."

"म्हणजे मी बरोबर मोजलं होतं."

"तुम्ही चिखल अगदी बरोबर मोजलात, बाबा."

आता त्यांना सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. तळपायाची आग मस्तकाला गेली, पण ती कुणावर काढावी ते कळेना. जावयाने त्यांना चोर ठरवलं होतं. सुनेने सोडवलं होतं, पण सोडवताना त्यांचा देवच उचलून कोपऱ्यात ठेवला होता. "मग इतकी वर्षं मी काय करत होतो?" ते ओरडले. "वजनाला काही अर्थच नाही?"

"आहे. किती गडद, ते तुम्ही ठरवता. निळं की मळकं, ते तुमच्या हातात नाही."

"कोण म्हणतं?"

"भाजून बघा," सून म्हणाली. "कोबाल्ट थोडं तरी उरलं असेल?"

"बरणीत आहे. झाडलेलं."

"तीन फरश्या करा. एकीत कोबाल्ट, तुमच्या नेहमीच्या वजनाचं. एकीत निकेल, तेवढंच. आणि तिसरीत कोबाल्ट, पण निम्मं."

"निम्मं म्हणजे?"

"म्हणजे चुकीचं. मुद्दाम."

गुंजकाका ताटावरून उठले. "माझ्या हाताने? चुकीचं वजन?" त्यांचा आवाज चिरका झाला. "ज्या गोष्टीचा डाग लागला म्हणून घरात तोंड लपवून बसलोय, तीच आता करून दाखवू?"

"हो. नाही तर 'नजर इकडेतिकडे झाली' हे कसं खोटं पडणार? वजन चुकलं असतं तर काय झालं असतं, ते दाखवायला कुणीतरी चुकायलाच हवं."

सकाळी ते वजनाच्या खोलीत शिरले आणि आतून कडी लावली. पहिल्या दोन पुड्या नेहमीसारख्या झाल्या. तिसरीला हात थांबला. एका पारड्यात नेहमीचं वजन टाकलं, दुसऱ्यात निम्मी पूड. तराजू कलला. तो सरळ व्हायचा नव्हता, सरळ होऊ नये म्हणूनच तर हे चाललं होतं. पण हात आपोआप चमच्याकडे गेला, आणखी थोडी घालायला. गुंजकाकांनी उजवा हात डाव्या हाताने धरून ठेवला. कललेल्या तराजूखालून त्यांनी ती पूड काढून घेतली, एखाद्याच्या खिशातून काढावी तशी.

नेहमीच्या गाड्याच्या कोपऱ्यात भट्टीवाल्याने तीन फरश्या सरकवल्या, मागे एकेक खूण कोरलेली.

गाडा बाहेर आला तेव्हा दोघंच होते. पहिली फरशी खोल निळी, बघताना थोडं खाली खेचणारी. दुसरी चिखल. तोच, अंगणातला. तिसरी निळी. फिकी, पाण्यावर सकाळी असते तशी, पण निळी. कुठेही मळकी नाही, कुठेही हिरवट नाही. निम्मं चोरून घेतलं होतं तरी तिने स्वतःला बदललं नव्हतं.

"गुंज्या," भट्टीवाला म्हणाला, "खरं सांगू? ही चुकीचीच जास्त छान दिसते."

"तोंड बंद ठेव," गुंजकाका म्हणाले.

मालकांच्या केबिनमध्ये त्यांनी तिन्ही फरश्या टेबलावर ठेवल्या आणि सांगितलं, जमेल तसं. सत्तावीस आणि अठ्ठावीस. अठ्ठावन्न आणि साठच्या मधला एकोणसाठ. मध्येच अडखळले, एकदा प्रोटॉनच्या जागी न्यूट्रॉन म्हणाले आणि स्वतःच चिडून परत सुरुवात केली. पण फरश्या अडखळत नव्हत्या. निम्म्या वजनाचीही निळीच होती. मालक तिच्यावरून अंगठा फिरवत राहिले. ते स्वतः काट्यावरूनच वर आलेले. त्यांना कळलं होतं, हे त्यांच्या अंगठ्यावरून दिसत होतं.

जावईबापूंनी फरशी उलटी केली, मागची खूण पाहिली. "उरलेलं कोबाल्ट होतं तर आधी सांगायचं नाही का, काका?"

गुंजकाकांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"बरं, ठीक आहे," जावईबापू पुढे म्हणाले. "वजन बरोबर होतं असं धरू. मग भट्टीतल्या उष्णतेत काहीतरी झालं असणार. थप्प्यांवरचं वजन पुसा आणि भट्टी लिहा. विषय संपला."

"या तिन्ही त्याच भट्टीतून निघाल्या! एकाच गाड्यावरून!" गुंजकाका टेबलावर वाकले. "माझ्या डोक्यावरचं खापर काढून त्याच्या डोक्यावर फोडायचं? तो तर एक फरशी भाजून बघू म्हणत होता, त्याला तुम्ही गप्प केलंत. चाखून कशाला बघायचं म्हणालात."

"आवाज खाली, काका."

"नाही होत खाली. तुमचं गणित चुकलं आणि तुमच्या गणिताने मला चोर ठरवलं. आणि तेवढ्यावर थांबला नाहीत. खांद्यावर हात ठेवलात!"

मालकांनी दोघांच्या मधे हात आडवा धरला. "झालं ते झालं. कोबाल्ट मागवलंय. परत करू."

"आणि थप्प्यांवरचा शब्द?"

"पुसा की."

"पुसून काय लिहू? काहीतरी लिहावं लागतंच ना? रीत आहे."

मालक वैतागले. "मग काय लिहिता? माती नाही, भट्टी नाही, वजन नाही. आपल्याकडे शब्द तीनच आहेत. आता काय, जावई लिहायचं?"

केबिनच्या काचेबाहेर कुणीतरी खोकलं. जावईबापू खिडकीबाहेर बघायला लागले. माफी मागण्याइतका वेळ त्या खोलीत होता. तो तसाच गेला.

गुंजकाका फरश्या उचलून बाहेर पडले. खोलीतून ओलं फडकं आणि खडू घेतला आणि अंगणात गेले. ऊन डोक्यावर होतं. पहिल्या थप्पीवरचा शब्द त्यांनी पुसला, नीट, अक्षरांच्या शिरोरेघेपर्यंत. तरी वाळल्यावर खाली फिकट पांढरं राहिलंच. त्यावर त्यांनी मोठा आकडा लिहिला. २८. मग दुसरी थप्पी. मग तिसरी. भट्टीवाला येऊन बाजूला उभा राहिला, थोडा वेळ बघितलं आणि दुसरं फडकं घेऊन रांगेच्या दुसऱ्या टोकाला पुसायला लागला.

पाळी सुटली. लोक थांबायला लागले.

"काका, हे काय? अठ्ठावीस कसले?"

"प्रोटॉन," गुंजकाका म्हणाले. "सत्तावीस लागत होते. अठ्ठावीस घातले."

"कुणी?"

गुंजकाका पुढच्या थप्पीकडे वळले. पण ज्याने ज्याने विचारलं त्याला ते सांगत राहिले, ट्रकवाल्याला, फाटकावरच्या माणसाला, विटलेल्या आवाजात आणि संतापाने, की वजन सारखं असून चालत नाही, पोटात किती आहेत ते बघावं लागतं. लोकांना निम्मं कळलं असेल, नसेल. पण अंगणात रोज येता-जाता अठ्ठावीस वाचला जाऊ लागला, आणि काही दिवसांनी जावईबापू गाडीतून उतरले की कुठल्यातरी कोपऱ्यातून हळूच कुणीतरी म्हणे, "आले अठ्ठावीस." त्या थप्प्या लवकर फोडा, असं वरून दोनदा सांगून आलं. चुऱ्याच्या यंत्रात कसला ना कसला बिघाड निघत राहिला.

कोबाल्ट आलं त्या दिवशी जावईबापू स्वतः डबा घेऊन वजनाच्या खोलीच्या दारात उभे राहिले. गुंजकाका कट्ट्यापाशी बसले होते. तराजू मोकळा होता, फळीवर फिकी निळी फरशी भिंतीला टेकून ठेवली होती. ती त्यांना अजूनही आवडत नव्हती, पण फेकवत नव्हती.

"घ्या काका. मोजा."

गुंजकाकांनी हात पुढे केला नाही.

"आधी क्रमांक सांगा."

जावईबापूंनी डब्यावरचं नाव दाखवलं.

"नाव मी त्या वेळीही वाचलं होतं. क्रमांक."

बाहेर भट्टीवाला गाडा ढकलत होता. तो थांबला. जावईबापूंचा जबडा हलला.

"सत्तावीस," ते म्हणाले.

गुंजकाकांनी डबा घेतला, खिडकी बंद आहे ना ते पाहिलं, आणि पहिलं वजन पारड्यात ठेवलं. जावईबापू गेले तरी त्यांनी वर पाहिलं नाही. राग गेला नव्हता. पण पूड मोजताना श्वास धरावाच लागतो, आणि श्वास धरून माणसाला ओरडता येत नाही.